धरण मोठं, कालवा अरुंद: डेटा वेअरहाऊसची साठवण आणि सर्व्हर कसे वाढवावेत

(भंडारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

विषयाचं नाव जरा जड आहे, पण घाबरू नका. आपण तलावांच्या जिल्ह्यात बसलो आहोत. पाणी कुठे साठवायचं आणि शेतापर्यंत कसं न्यायचं, हे या मातीला कुणी शिकवायची गरज नाही. आजचा विषयही तोच आहे. फक्त पाण्याच्या जागी माहिती आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी धान खरेदीच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका संस्थेने मला सल्ल्यासाठी बोलावलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा माझी जास्त होती. त्यांना रोज एक अहवाल लागायचा: कोणत्या केंद्रावर किती धान आलं, गोदामात जागा किती उरली, भरडाईसाठी किती उचल झाली. त्यावर सकाळी ट्रक कुठे पाठवायचे ते ठरायचं. अहवाल रात्री ९ वाजता लावायचे आणि तो हातात यायचा दुसऱ्या दिवशी ११ वाजता. तोपर्यंत ट्रक अंदाजाने निघालेले असायचे. एका केंद्रावर ट्रक रिकामे उभे, तर दुसरीकडे गोदाम भरलं म्हणून खरेदी बंद आणि पोती उघड्यावर. त्यात अवकाळी पाऊस आला की काय होतं ते तुम्ही बघितलेलं आहे.

मी गेलो, बघितलं आणि सांगितलं, डिस्क भरत आली आहे, मोठी साठवण घ्या. त्यांनी घेतली. जुन्यापेक्षा चौपट जागा. पैसे गेले. आणि अहवाल? दुसऱ्या दिवशी ११ वाजता. एक मिनिटही लवकर नाही.

असं का झालं, हे आज सांगायचं आहे. आणि तुमच्या संस्थेत, कार्यालयात, कारखान्यात कुणी म्हणालं की ‘सर्व्हर स्लो आहे, मोठा घेऊ’, तर त्याआधी काय विचारायचं, तेही.

रोजची वही आणि कोठार

आधी डेटा वेअरहाऊस म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही सोय राज्यभर सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहतो, मोबाईलमधून पिकाचा फोटो काढतो, नोंद करतो. एक शेतकरी, एक गट, एक नोंद. कामाचा एक घास छोटा, पण असे घास एकाच वेळी हजारो जण घेत असतात. याला आपण रोजची वही म्हणू. बँकेचा काउंटर, रेल्वेचं आरक्षण, ही सगळी रोजची वही.

आता दुसरा प्रश्न बघा. ‘गेल्या दहा वर्षांत लाखांदूर तालुक्यात उन्हाळी धानाखालचं क्षेत्र कसं बदललं?’ विचारणारा एकच माणूस आहे. पण उत्तर द्यायला लाखो नोंदी चाळाव्या लागतात. अशा प्रश्नांसाठी माहितीची वेगळी मांडणी करून ठेवतात, तिला वेअरहाऊस म्हणतात. मराठीत कोठार म्हणा. बिल इनमन यांनी १९९२ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर हा शब्द सगळीकडे रुळला.

दोन्हींना ‘डेटाबेस’ म्हणतात, पण त्यांची भूक वेगळी. रोजच्या वहीला हवी चपळाई: एक पान झटकन उघडणं. कोठाराला हवी ओढ: एका दमात हजारो पानं वाचणं. एकासाठी घेतलेलं यंत्र दुसऱ्यासाठी योग्य असेलच असं नाही. आणि एकाच यंत्रावर दोन्ही कामं ठेवली, तर भर दुपारी साहेबांनी दहा वर्षांचा अहवाल मागितला की काउंटरवरची रांग थांबते.

साठवण वेगळी, वहन वेगळं

पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण तुम्हाला माहीत आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरच्या आसपास सिंचनाचं. वैनगंगेवर धरण उभं राहिलं, ३३ दारं बसली, पाणी अडलं. पण कालवे आणि त्यांच्या वितरिका यांची कामं पुढे वर्षानुवर्षं चालत राहिली. ज्याच्या शेतापर्यंत पाट पोचला नाही, त्याला धरणातल्या पाण्याचा आकडा ऐकून काय उपयोग? त्याची बांधी कोरडी ती कोरडीच.

डेटाच्या साठवणीचंही हेच. डिस्कला दोन मापं असतात. एक, तिच्यात किती मावतं: गिगाबाईट, टेराबाईट. दुसरं, तिच्यातून एका सेकंदाला किती बाहेर येतं. दुकानदार पहिलं माप सांगतो, कारण ते डब्यावर लिहिलेलं असतं. अहवालाचा वेग ठरतो दुसऱ्यावर. मी त्या संस्थेला धरण मोठं करून दिलं आणि कालवा होता तेवढाच ठेवला.

आधी मोजा: तुमचा डेटा खरंच मोठा आहे का?

थोडा हिशेब करू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या कार्यालयाचे नाहीत. राज्यात ढोबळमानाने अडीच कोटी सातबारे धरा. दर सातबाऱ्यावर हंगामाला दोन पिकं, वर्षाला दोन हंगाम, अशी दहा वर्षं. अडीच कोटी गुणिले दोन, गुणिले दोन, गुणिले दहा: १०० कोटी नोंदी. एक नोंद १,००० बाईटची धरली, तर झाला एक टेराबाईट.

आता आपला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख, राज्याची सव्वाअकरा कोटीच्या आसपास. म्हणजे साधारण एक टक्का. त्याच प्रमाणात धरलं तर एक कोटी नोंदी, १० गिगाबाईट.

१० गिगाबाईट म्हणजे किती? आज बाजारात मिळणाऱ्या साध्या लॅपटॉपला १६ गिगाबाईट मेमरी असते. आख्ख्या जिल्ह्याची दहा वर्षं त्या लॅपटॉपच्या मेमरीजवळ जवळ मावतात. तेव्हा जिल्ह्याच्या पातळीवर कुणी सांगितलं की ‘डेटा फार मोठा आहे म्हणून उशीर होतो’, तर पहिला प्रश्न विचारा: मोजला का? बऱ्याचदा डेटा मोठा नसतो, वाचायची पद्धत चुकलेली असते.

माझ्या अहवालाला १४ तास का लागत होते

फिरणारी डिस्क कशी चालते बघा. आत एक तबकडी, मिनिटाला ७,२०० फेऱ्या. म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारा काटा योग्य जागी सरकतो, मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबतो. सरकणं आणि थांबणं मिळून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकेक करून मागितल्या, तर सेकंदाला साधारण १०० मिळतात. तेच सलग वाचायला सांगा, काटा एका जागी ठेवून तबकडी फिरू द्या, तर तीच डिस्क सेकंदाला २०० मेगाबाईटच्या आसपास देते.

त्या संस्थेचा प्रोग्राम काय करत होता? ५० लाख नोंदी. प्रत्येक पोत्याची नोंद स्वतंत्र मागायची, मिळाली की बेरीज करायची, मग पुढची मागायची. ५० लाख भागिले १००: ५०,००० सेकंद. जवळजवळ १४ तास. रात्री ९ ते सकाळी ११. हिशेब तंतोतंत जुळतो, बघा! मी तो आधी कागदावर केला असता, तर पैसे वाचले असते.

नव्या साठवणीत डिस्क मोठ्या होत्या, संख्येनेही जास्त होत्या. पण फिरत होत्या त्याच वेगाने. आणि प्रोग्राम एका वेळी एकच नोंद मागत असल्यामुळे एक डिस्क काम करायची, बाकीच्या बसून राहायच्या. दहा हमाल लावले, पण पोतं एकच उचलायला सांगितलं, असा प्रकार.

उपाय काय केला? प्रोग्राम बदलला. संपूर्ण तक्ता सलग वाचायचा आणि बेरीज डेटाबेसलाच करायला लावायची. ५० लाख नोंदी, ५ गिगाबाईट, सेकंदाला २०० मेगाबाईट: २५ सेकंद. बाकी कामं धरून अहवाल काही मिनिटांत यायला लागला. नवा डबा तसाच पडून होता.

तुम्ही म्हणाल, एसएसडी घेतली असती तर? बरोबर आहे. एसएसडीत फिरणारं काही नाही, एक नोंद ०.१ मिलिसेकंदात येते असं धरू. ५० लाख नोंदी ५०० सेकंदात, आठ-साडेआठ मिनिटांत. सगळे खूश झाले असते. पण चूक झाकली गेली असती आणि नोंदी वाढल्या की पुन्हा वर आली असती. एसएसडी जरूर घ्या, आज नव्या कामाला तीच घ्यावी. फक्त चुकीवर पांघरूण म्हणून घेऊ नका.

सगळ्यात अरुंद जागा शोधा

आता राज्याएवढं कोठार घेऊ, एक टेराबाईट. इथे यंत्रं खरोखर वाढवावी लागतात. पण कोणती, हा प्रश्न आहे.

डेटाचा प्रवास असा: डिस्कमधून निघतो, केबलमधून सर्व्हरपर्यंत जातो, सर्व्हरचे कोअर त्याच्यावर काम करतात. पूर्ण प्रवासाचा वेग ठरतो सगळ्यात अरुंद टप्प्यावर.

एक डिस्क, सेकंदाला २०० मेगाबाईट. एक टेराबाईट वाचायला ५,००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटं. आठ डिस्क शेजारी लावून डेटा सगळ्यांवर वाटला, तर सेकंदाला १,६०० मेगाबाईट. वेळ साडेदहा मिनिटं. छान. पण ही साठवण वेगळ्या पेटीत आहे आणि सर्व्हरला १ गिगाबिटच्या केबलने जोडली आहे. इथे लक्ष द्या: केबल मोजतात बिटमध्ये, डिस्क मोजतात बाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे १ गिगाबिटची केबल सेकंदाला फार तर १२५ मेगाबाईट नेते. वेळ ८,००० सेकंद, २ तास १३ मिनिटं. आठ डिस्क लावूनही सर्व्हरच्या आतल्या एका डिस्कपेक्षा उशिरा!

केबल बदलली, १० गिगाबिटची लावली. आता १,२५० मेगाबाईट येऊ शकतात. वेळ १३ मिनिटांवर यायला हवी. पण सर्व्हरला चारच कोअर आहेत. एक कोअर सेकंदाला साधारण २०० मेगाबाईट पचवतो, असा वेअरहाऊसच्या कामातला जुना ठोकताळा आहे. चार कोअर, ८०० मेगाबाईट. वेळ २१ मिनिटं. आता अडथळा कोअरमध्ये आहे. आठ कोअर केले, तर अडथळा पुन्हा केबलकडे जातो आणि वेळ १३ मिनिटांवर येते.

बघा, अडथळा नाहीसा होत नाही, जागा बदलतो. म्हणून एकच गोष्ट फुगवण्यात अर्थ नसतो. डिस्क, केबल, कोअर, मेमरी यांचा मेळ बसला पाहिजे. धान खरेदीतही हेच दिसतं. काटे वाढवले, पण बारदाना नाही. बारदाना आला, तर गोदाम भरलेलं. गोदाम बांधलं, तर गिरणीची उचल नाही. प्रत्येक वेळी जिथे रांग लागली आहे तिथे बघावं लागतं.

ती रांग संगणकात कुठे दिसते? अहवाल चालू असताना बघा. कोअर शंभर टक्के गुंतलेले असतील, तर अडथळा तिथे. कोअर रिकामे आणि डिस्कपुढे विनंत्यांची रांग, तर अडथळा डिस्कमध्ये. दोन्ही निवांत आणि केबल भरलेली, तर ती केबल. तिन्ही निवांत असून अहवाल रखडला असेल, तर बहुतेक एकेक नोंद मागणारा प्रोग्राम आहे, किंवा एक काम दुसऱ्याने लावलेलं कुलूप उघडायची वाट बघतं आहे. हे बघायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक सर्व्हरमध्ये त्याची साधनं असतात.

मेमरीचं जरा वेगळं आहे. डेटा क्रमाने लावायचा, दोन तक्ते जोडायचे, तर सर्व्हरला मोकळी जागा लागते. मळणीला खळं लागतं तसं. खळं पुरलं तर काम एका दमात. नाही पुरलं, तर अर्धं धान बाजूला रचायचं, नंतर परत आणायचं. सर्व्हरही तेच करतो: मावत नाही ते डिस्कवर लिहितो आणि पुन्हा वाचतो. त्यामुळे २० गिगाबाईटच्या कामाला १६ मेमरी असली तर हाल, ३२ केली तर एकदम फरक, आणि ३२ ची १२८ केली तर त्याच अहवालाला फारसा फायदा नाही. मेमरी गरजेपुरती हवीच. त्यापुढचा पैसा दुसरीकडे लावा.

जोरात वाचण्याआधी कमी वाचा

आत्तापर्यंत आपण एक टेराबाईट जोरात कसा वाचायचा ते बघितलं. पण तो सगळा वाचायचा तरी कशाला?

प्रश्न एका वर्षाचा असेल, तर बाकीची नऊ वर्षं उघडायची गरज नाही. तक्त्याचे वर्षानुसार कप्पे करा. याला पार्टिशन म्हणतात. एक टेराबाईटचे झाले १०० गिगाबाईट.

दुसरं, आपल्या नोंदीत ४० रकाने आहेत असं धरा. प्रश्नाला लागतात चार: तालुका, पीक, क्षेत्र, हंगाम. साधा डेटाबेस पूर्ण ओळ वाचतो, म्हणजे चाळीसही रकाने उचलतो. कोठारासाठी जे डेटाबेस बनवले जातात, त्यांतले बरेच रकानेवार साठवतात. प्रत्येक रकान्याचा ढीग वेगळा. चारच ढीग उघडायचे. रकाने सारख्या आकाराचे धरले, तर १०० गिगाबाईटचे झाले १०.

तिसरं, एका रकान्यात तेच तेच शब्द येतात. ‘धान, धान, धान.’ असा ढीग चांगला दाबता येतो. तो एक तृतीयांश झाला, तर वाचायचे उरले तीन-साडेतीन गिगाबाईट.

आता तीच जुनी १ गिगाबिटची केबल घ्या. दाबलेला हिशेब सोडून द्या, १० गिगाबाईटच धरा. सेकंदाला १२५ मेगाबाईट: ८० सेकंद. २ तास १३ मिनिटांचे ८० सेकंद. आणि केबल, डिस्क, सर्व्हर, सगळं जुनंच!

चौथी गोष्ट, रोज तोच अहवाल लागत असेल, तर तो रोज मुळापासून का करायचा? रात्री केंद्रवार बेरजा करून छोट्या तक्त्यात ठेवा. सकाळी तो तक्ता वाचा. पोत्यांची मोजदाद एकदाच करतो ना आपण? ट्रक भरताना पुन्हा दाणे मोजत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कमी वाचा. मग अरुंद जागा रुंद करा. आणि तरीही पुरलं नाही, तरच यंत्रांची संख्या वाढवा.

एक मोठं धरण की अनेक तलाव?

यंत्रं वाढवायचे दोन रस्ते. एक, आहे तोच सर्व्हर मोठा करा: कोअर वाढवा, मेमरी वाढवा. सोपा रस्ता, प्रोग्राम बदलावे लागत नाहीत. पण कुठल्याही एका यंत्राला मर्यादा असते, आणि त्या मर्यादेजवळ गेलं की किंमत झपाट्याने चढते.

दुसरा रस्ता, अनेक मध्यम सर्व्हर, प्रत्येकाकडे आपापली डिस्क आणि डेटाचा आपापला वाटा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये या रचनेची बाजू मांडली होती. आपल्याकडे ही रचना त्याच्याही कितीतरी आधीची आहे, फक्त पाण्याची! कोहळी समाजाने बांधलेले तलाव, शिवनीबांध, नवेगावबांध आणि असे शेकडो लहान-मोठे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा तलाव’ झालं. प्रत्येक तलावाला आपली पाळ, पाणी सोडायला आपलं तुडुम, आपले पाट आणि आपली जमीन. पाणी शेताजवळच साठलेलं, त्यामुळे लांबच्या कालव्याची वाट बघायची नाही. गाव वाढलं की नवा तलाव बांधला.

पण या रचनेची दोन दुखणी आहेत.

पहिलं दुखणं असमान वाटणीचं. समजा सात सर्व्हर घेतले आणि सात तालुके एकेकाला दिले: भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. दिसायला सुंदर. पण हिशेबापुरतं धरू की तुमसरच्या २० लाख नोंदी आहेत आणि बाकी सहा तालुक्यांच्या प्रत्येकी १० लाख. सहा सर्व्हर काम संपवून बसतील आणि सातव्याची वाट बघतील. सारखी वाटणी असती, तर प्रत्येकाला साडेअकरा लाखांच्या आत आल्या असत्या. म्हणजे पावणेदोन पट वेळ केवळ वाटणीमुळे गेला. आणि कुणी फक्त साकोलीचा अहवाल मागितला, तर एक सर्व्हर राबेल, सहा झोपतील. म्हणून वाटणी तालुक्यावर न करता खातेक्रमांकासारख्या गोष्टीवर करतात, म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या नोंदी सगळ्या सर्व्हरांवर साधारण सारख्या पसरतात.

दुसरं दुखणं म्हणजे जे काम वाटताच येत नाही ते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. समजा अहवालाला ६० मिनिटं लागतात. त्यातली ५४ वाटून घेता येतात, पण शेवटची ६ मिनिटं सगळं एकत्र करायला लागतात, एकाच ठिकाणी. नऊ सर्व्हर लावले: ५४ चे ६ झाले, अधिक ६, एकूण १२ मिनिटं. उत्तम. ५४ सर्व्हर लावले: १ अधिक ६, एकूण ७ मिनिटं. सहापट यंत्रं घेतली आणि वाचली ५ मिनिटं. हजार लावले तरी ६ च्या खाली जाणार नाही. केंद्रावर शंभर बैलगाड्या आल्या तरी काटा एकच असेल, तर माप त्याच गतीने होणार.

भाड्याचे सर्व्हर

आता क्लाऊडबद्दल थोडं. गेल्या काही वर्षांत एक चांगली गोष्ट झाली. स्नोफ्लेक, गूगलचं बिगक्वेरी अशा सेवांनी साठवण आणि सर्व्हर वेगळे केले. डेटा एका जागी स्वस्तात ठेवायचा आणि कामापुरते सर्व्हर भाड्याने लावायचे. धान खरेदीसारख्या हंगामी कामाला हे सोयीचं. खरीप खरेदीच्या महिन्यांत चार सर्व्हर, पावसाळ्यात एक. स्वतःचे चार घेतले असते, तर वर्षातले बरेच महिने ते नुसते वीज खात बसले असते. डेटा राज्याबाहेर जाईल का, अशी शंका असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये महाराष्ट्रात केंद्रं सुरू केली, त्यामुळे इथेच ठेवता येतो.

पण सावध राहा. स्वतःच्या सर्व्हरवर वाईट प्रोग्राम लिहिला, तर अहवालाला उशीर होतो. भाड्याच्या सर्व्हरवर तोच प्रोग्राम चालवला, तर बिल येतं. काही सेवा वाचलेल्या डेटावर पैसे घेतात. तिथे एक टेराबाईट वाचणं आणि १० गिगाबाईट वाचणं यात पैशाचाही शंभरपट फरक. कमी वाचण्याची सवय क्लाऊडवर जास्त कामाला येते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, आमचा अहवाल एकट्याने चालवला तर दोन मिनिटांत येतो. सकाळी सगळे लावतात तेव्हा अर्धा तास. मग सर्व्हर मोठा घ्यावा की नाही?*

चांगला प्रश्न. इथे एक अहवाल जलद करायचा नाही, अनेक अहवाल एकत्र चालवायचे आहेत. कालवा तोच, घेणारे दहा. सेकंदाला १,२५० मेगाबाईट दहा जणांत वाटले की प्रत्येकी १२५. आधी बघा, दहाही जण तोच अहवाल मागताहेत का? मग एकदा काढून ठेवा आणि सगळ्यांना तोच दाखवा. वेगवेगळे असतील, तर पाण्याची पाळी लावतो तशी पाळी लावा. तरीही रांग उरली, तर मात्र यंत्र वाढवण्याचं ते खरं कारण आहे.

*प्रश्न: जुना डेटा काढून टाकला तर फायदा होईल का?*

तलावात गाळ साचतो तसं हे आहे. पण गाळ आणि सुपीक माती यात फरक करा. वर्षवार कप्पे केले असतील, तर जुना डेटा अहवालाला आडवा येत नाही, फक्त जागा घेतो. तो स्वस्त, संथ डिस्कवर हलवा. पुसून टाकू नका. दहा वर्षांपूर्वी कोणत्या गावात काय पिकत होतं, हे पुन्हा कुणाला विचारणार?

*प्रश्न: आमच्यासारख्या लहान संस्थेने उद्या सकाळी काय करावं?*

तीन आकडे कागदावर लिहा. डेटा किती गिगाबाईट आहे? त्यातला अहवालाला खरोखर किती लागतो? आणि डिस्कपासून सर्व्हरपर्यंत सेकंदाला किती येतं? दुसऱ्याला तिसऱ्याने भागा. तुमच्या अहवालाला साधारण किती वेळ लागायला हवा, ते उत्तर मिळेल. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट लागत असेल, तर यंत्र ठीक आहे, वाढवायचं का ते ठरवू. शंभरपट लागत असेल, तर खरेदी थांबवा आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला बोलवा. तो भागाकार मी त्या वेळी केला नव्हता. मी फुकट गेलेल्या पैशांबद्दल बोललो, पण त्या हंगामात उघड्यावर भिजलेली पोती ज्यांची होती, त्यांना सर्व्हर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी कोटेशन मागवण्याआधी तेवढा एक भागाकार करा.